चाक की चांदण्या?

धाकटे काका बोटीवर होते. इटलीतल्या जिनोआहून त्यांची पत्रं हर्णैला यायची, पाकिटावर निळं 60 लिरांचं तिकीट आणि वजन जास्त भरलं की शेजारी जांभळं 25चं. दोन्हींवर एकच बाई, डोक्यावर बुरुजांचा मुकुट घातलेली. सिसिलीतल्या सिराक्यूज शहराच्या प्राचीन नाण्यावरून घेतलेला हा चेहरा, म्हणून या मालिकेला इटलीत ‘सिराकुसाना’ म्हणतात. ती 1953 साली सुरू झाली आणि पुढे बरीच वर्षं चालली.

आठवीत असताना मी त्यातली तीन ‘डबल’ म्हणून वर्गातल्या एकीला देऊन टाकली. बदल्यात मॅग्यार पोस्टाचं, म्हणजे हंगेरीचं, एक त्रिकोणी तिकीट मिळालं, तेव्हा जग जिंकल्यासारखं वाटलं होतं. ती तिन्ही डबल होती की नाही, हे आता कळायचा मार्ग नाही. कारण मी त्यांची पाठ कधी बघितलीच नव्हती.

खरा फरक असतो तो कागदात. तिकिटाचा कागद बनवताना तो ओला असतानाच त्यावरून नक्षीचा रूळ फिरतो आणि नक्षीच्या जागी लगदा पातळ पडतो. तोच वॉटरमार्क. सिराकुसानाच्या पहिल्या तिकिटांच्या कागदात पंख असलेलं चाक आहे, 1955पासूनच्या कागदात चांदण्या. रंग तोच, किंमत तीच, बाई तीच. आपल्याकडे 1957च्या भारताच्या नकाशाच्या तिकिटांचंही असंच झालं: आधी चांदण्यांचा कागद, मग 1958पासून अशोकस्तंभाचे सिंह.

उजेडात धरून क्वचितच काही दिसतं. काळ्या फरशीवर तिकीट पालथं ठेवून लायटरच्या पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. ओट्याचा कडप्पा बसवताना उरलेला तळहाताएवढा तुकडा मी त्यासाठी ठेवलाय. हे सगळं पडवीत, गॅसपासून लांब. पेट्रोल उडून जायच्या आत बघून घ्यायचं, काही क्षणच मिळतात. पातळ जागा काळ्या दिसतात. चांदण्या बारक्या असतात, त्यामुळे एका तिकिटावर दोन-तीन तरी सापडतात. चाकाचं तसं नाही. ते मोठं, आणि तिकिटावर कधी त्याचा तुकडाच येतो, तोही आडवा किंवा उलटा. पंखाच्या रेघा मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी त्यांना कागदाच्या सुरकुत्या समजले होते. बांगड्याचा काटा डोळ्यांसमोर आणा, एका बाजूने सरळ निघालेल्या समांतर रेघा. तसं दिसलं की समजायचं, पंख आहे.

एक चूक मात्र करू नका. रोटोग्रॅव्हिअर, म्हणजे कोरलेल्या रुळावरच्या, छपाईच्या काही तिकिटांची शाई पेट्रोलमध्ये सुटते. दुसऱ्याच एका देशाचं माझं लाल तिकीट असं कडप्प्यावर गुलाबी डाग ठेवून गेलं. तेव्हापासून आधी फाटक्या तिकिटावर थेंब टाकून बघते.

शिक्क्यातलं साल वाचता आलं तर अर्धं काम तिथेच होतं. 1954चा शिक्का असेल तर चाकच, चांदण्यांचा कागद तेव्हा आलाच नव्हता. 1958च्या शिक्क्यावरून मात्र काहीच ठरत नाही, कारण जुनी तिकिटं नंतरही लोक लावतच होते.

पावसाळ्यात यातलं काहीच करत नाही. जुलैत इथली हवा अशी असते की तिकिटं अल्बमलाच चिकटतात. नवरात्रानंतर कोरडं ऊन पडलं की काकांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढते. गेल्या वर्षी काकू शेजारी येऊन बसल्या, कडप्प्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगो, बाई तीच ना? मग पाठ कसली बघत्येस?” मी त्यांच्या हातात भिंग दिलं. जांभळ्या 25च्या पाठीवर चाकाचे आरे नीट दिसत होते. काकूंनी पाहिलं, मग पाकीट उलटून शिक्का वाचायला लागल्या. त्यावर 1956 होतं, त्यांच्या लग्नाचं साल.

डब्यात अकरा तिकिटं निघाली. सात चांदण्यांची, तीन चाकाची. अकराव्याच्या पाठीला जुना डिंक इतका बसलाय की काहीच दिसत नाही. ते कोमट पाण्यात टाकायचं ठरवलंय, दिवाळी झाल्यावर.