दहाव्या आठवड्यातली बातमी

कोल्हापूर, शुक्रवार रात्री

आज राजारामपुरीत ऋतुजाची सोनोग्राफी झाली. बाळाचा पाठीचा कणा, हृदयाचे चारही कप्पे, हातापायांची बोटे, सारे व्यवस्थित आहे. तपासणीपूर्वी तिच्यापुढे नेहमीचा 'फॉर्म एफ' आला आणि गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही, या मजकुराखाली तिने सही केली. विनयने तो कागद नीट वाचला आणि बाहेर पडल्यावर म्हणाला, "आई, हे खोटं प्रतिज्ञापत्र आहे. आमची इच्छा आहे. मुलगी असावी असं दोघांनाही वाटतंय, आणि ती आहे की नाही हे आत्ता कळलं तर आनंदच होईल. सांगणार नाही म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण इच्छाच नाही असं लिहून का घेतात?"

त्याचे हे बोलणे मी हसण्यावारी नेले नाही, कारण त्यात तथ्य आहे. स्वतःच्या बाळाविषयीची साधी माहिती डॉक्टरांना पडद्यावर दिसते आणि आईबापांना मात्र ती विचारण्याचीही मुभा नाही, ही स्थिती विचित्र आहेच. त्यात संध्याकाळी आक्काचा फोन आला. तिची न्यू जर्सीतली लेक नुकतीच दिवस राहिलेली. दहाव्या आठवड्यात रक्ताची तपासणी झाली, मुलगी आहे असे कळले, आणि उद्या मित्रमंडळी जमवून केक कापायचा आहे, ज्याच्या आत गुलाबी रंग असेल. आक्का आनंदात होती, मीही मनापासून आनंदले. फोन ठेवल्यावर विनयने फक्त माझ्याकडे पाहिले. जेवणे झाली, सगळे झोपले, आणि त्या पाहण्याला काय उत्तर द्यावे याचा विचार करत मी ही वही उघडून बसले आहे.

तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे असेल, पण मला आधी या रक्ततपासणीचेच कौतुक वाटते. गर्भाच्या, खरे तर वारेच्या, पेशींमधील डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात तरंगत असतात, हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले. ते सापडले कसे, तर ज्यांच्या पोटात मुलगे होते अशा गर्भवतींच्या रक्तात त्यांनी वाय गुणसूत्राचा अंश शोधला. स्त्रीच्या स्वतःच्या शरीरात तो असण्याचे कारण नाही, म्हणून तो सापडला की तो बाळाचाच. पुढे याच मार्गाने डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषांची चाचणी तयार झाली आणि २०११च्या सुमारास ती बाजारात आली. आईच्या पोटात सुई न घालता, दहाव्या आठवड्यापासून एवढे कळावे, ही मोठीच गोष्ट आहे. आपल्याकडेही ही चाचणी होते, फक्त अहवालात बाळाचे लिंग छापत नाहीत.

विनयचे म्हणणे असे की माहिती निर्दोष असते, दोष असतो तो तिचा गैरवापर करणाऱ्यांचा. मग शिक्षा सर्वांना का? मला वाटते की तो एक गोष्ट विसरतो आणि ती म्हणजे आठवडे. आठव्या महिन्यात कळलेली गोष्ट ही बातमी असते. त्यावर नाव शोधणे आणि दुपटी शिवणे एवढेच काम उरते. दहाव्या आठवड्यात कळलेली तीच गोष्ट घरापुढे प्रस्तावासारखी येते, कारण होकार-नकाराची वाट अजून मोकळी असते. पोट दिसत नसते, शेजारी कोणाला कल्पना नसते, माहेरीही पुष्कळदा सांगितलेले नसते. पूर्वी गर्भजल काढून तपासायचे तर पंधरा-सोळा आठवडे थांबावे लागे आणि त्यानंतरचा गर्भपात बाईच्या जिवावर बेतू शकत असे. निदान त्या भीतीने तरी काही घरांत पाय मागे घेतला जात असेल. लवकर केलेला गर्भपात सोपा आणि सुरक्षित असतो, ही स्त्रियांच्या बाजूची गोष्ट. पण मुलगी नको असलेल्या घरात हाच सोपेपणा तिच्या विरुद्ध जातो. न्यू जर्सीत दहाव्या आठवड्यात कळले म्हणजे केक कापतात, आणि आमच्या जिल्ह्यात काय होत आले आहे, हे जनगणनेत लिहिलेले आहे.

२००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. निसर्गतः जन्माच्या वेळी हा आकडा ९५०च्या आसपास असतो. राज्याचा आकडा तेव्हा ९१३ होता, म्हणजे आम्ही राज्याच्याही पुष्कळ खाली. हे कोणत्या जिल्ह्यात, तर जिथे ऊस आहे, दूध आहे, घरटी दुचाकी आहे, जिथे शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा कायदा केला, आणि जिथे कावळा नाक्यावर घोड्यावर स्वार झालेल्या ताराराणींच्या पुतळ्याचा सर्वांना अभिमान आहे. दारिद्र्यामुळे मुली नकोशा होतात, हे आमच्या पुरते खरे नाही. जमीन थोडीबहुत आहे म्हणून ती वाटायला नको, आणि दवाखान्याचे पैसे हाताशी आहेत, हीच खरी कारणे. त्या वर्षांत जन्मलेल्या मुली पुढे माझ्या वर्गात आल्या. मुलींच्या बाजूचे बाक कमी भरतात, हे पटावर लिहिताना मला दिसत होते.

कायदा तोपर्यंत होताच. लिंगनिदानावर बंदी घालणारे पहिले राज्य महाराष्ट्र, १९८८ साली. त्याआधी आज थोडे खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे लागत असत. देशाचा कायदा १९९४चा, तो १९९६पासून लागू झाला, आणि गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही बंदी घालणारी दुरुस्ती २००३ साली आली. शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने लिंग सांगायचे नाही, असे त्यात म्हटले आहे. खुणेने हे मुद्दाम लिहावे लागले, यावरून लोकांनी किती वाटा शोधल्या असतील ते कळते. आमचे तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी २००९च्या सुमारास सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे, पडद्यावरचे चित्रण साठवून ठेवणारे उपकरण जोडायला लावले. रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा घेऊन डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली जिल्हाधिकाऱ्यांची बाजू मान्य केली. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्याचा आकडा ८९४पर्यंत घसरला, कोल्हापूरचा मात्र ८६३पर्यंत चढला. त्यातले श्रेय कोणाला किती द्यावे, हे नुसत्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. डॉक्टरांची एक तक्रार मला तेव्हाही रास्त वाटली होती आणि आजही वाटते: फॉर्ममधला एखादा रकाना रिकामा राहिला म्हणून यंत्राला सील लागते, आणि जो खरोखर हा धंदा करतो तो फॉर्मच भरत नाही. पलीकडच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला मार्च २०१७मध्ये ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. त्यांच्या मागे कोठे कागद होता?

त्या काळात भिंतीभिंतींवर एक घोषवाक्य दिसे: मुलगी नको म्हणाल तर सून कोठून आणाल? मला ते कधीच आवडले नाही. मुलगी कोणाच्या तरी संसाराला लागणार आहे म्हणून जन्मू द्यावी, असा त्याचा अर्थ होतो. सीमाभागातून मुली पाहून आणण्याची वेळ आलेल्या घरांत त्या सुनेलाही पुन्हा मुलगाच हवा असे ऐकवले जाते, तेव्हा त्या घोषवाक्याचा उपयोग किती झाला हे दिसतेच.

आज प्रतीक्षागृहात आमच्या शेजारी कागलकडची एक म्हातारी बसली होती. सून आत जाऊन आलेली, दोन नाती मोबाइलवर गाणी पाहत होत्या. ऋतुजा बाहेर येताच म्हातारीने विचारले, "डॉक्टर काय बोलले का ओ? कायतरी तोंडातनं गेलंच असंल की." ऋतुजा म्हणाली, "बाळ बरं आहे म्हणाले." त्यावर म्हातारी म्हणाली, "आमच्यातबी तेवढंच बोलले." मला तिचा राग आला नाही. तिच्या सुनेला दहाव्या आठवड्यात ते कळले असते तर ते तिच्यापाशी राहिले नसते, संध्याकाळपर्यंत घरचे झाले असते, आणि तिचे मत कोणी विचारले असते असे मला वाटत नाही. कायद्यातील एका कलमाने हे ओळखले आहे: स्त्रीने अशी तपासणी केली तर ती पतीच्या वा नातेवाइकांच्या दबावाखाली केली, असेच न्यायालयाने धरून चालायचे, उलट सिद्ध होईपर्यंत. कायद्यात एवढा व्यवहारी शहाणपणा क्वचित आढळतो.

एक अडचण मात्र मी टाळू इच्छित नाही. मूल नको असेल तर गर्भपात करून घेण्याची मुभा स्त्रीला हवी, असे मी मानत आले आहे. १९७१च्या कायद्याने ती डॉक्टरांच्या मताच्या अटीवर दिली आणि २०२१ साली काही स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवली. मग कारण कोणतेही असले तरी चालेल, फक्त मुलगी आहे हे कारण चालणार नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणते? याचे माझे उत्तर असे की कारण तपासण्याचा अधिकार मी कोणालाच देत नाही. मी फक्त ते कारण जन्माला घालणारी माहिती त्या आठवड्यांत त्या घरात येऊ देत नाही. हे उत्तर पूर्ण आहे, असा माझा दावा नाही. लिंगनिवडीच्या कारवाईला घाबरून बारा आठवडे उलटलेल्या बाईला कायदेशीर गर्भपातही नाकारणारे डॉक्टर आहेत, आणि त्याची किंमत कोण मोजते हे उघड आहे.

जाणून घेणे हेच मुळात पाप आहे, असेही मला म्हणायचे नाही. माझ्या मावशीच्या माहेरी हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, आहे. आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. मुलीला सहसा तेवढा त्रास होत नाही, ती फार तर वाहक होते. अशा घरात पोटातले बाळ मुलगी आहे हे लवकर कळले तर वारेचा तुकडा काढून करायची तपासणी टाळता येते, आणि त्या तपासणीत थोडा का होईना गर्भपाताचा धोका असतोच. लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांच्या निदानाला आपल्या कायद्यानेही जागा ठेवली आहे. तिथे विचारणाऱ्याचा हेतू रोगाविषयी असतो.

मग सर्वांनाच सांगून टाकावे आणि प्रत्येक गर्भाची नोंद ठेवावी, म्हणजे मुलगी गेली कुठे हे विचारता येईल, अशी एक सूचना २०१६ साली तत्कालीन केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी केली होती. विनयला ती पटते. मला ती वाचूनच धडकी भरली. आज डॉक्टरवर नजर आहे, ती उद्या प्रत्येक गरोदर बाईवर येईल. ज्यांचा गर्भ आपोआप पडला त्यांना दुःखात खुलासे द्यावे लागतील. आणि मुलगी आहे हे माहीत असलेल्या घरात पुढचे सहा महिने त्या बाईच्या ताटात काय पडेल, याची नोंद कोणते रजिस्टर ठेवणार? चोवीस आठवड्यांनंतर सांगावे, असाही मध्यममार्ग त्याने सुचवला. त्यावर मी बराच विचार केला. तत्त्वतः तो मला चूक वाटत नाही. पण जी गोष्ट पंचविसाव्या आठवड्यात सांगणे कायदेशीर आहे ती पंधराव्या आठवड्यात कुजबुजणे किती सोपे होईल, हे कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा विनय आणि ऋतुजासारख्यांनी काही महिने न कळण्याची गैरसोय सोसावी, असे मी त्याला स्पष्टच सांगितले. त्याला ते पटलेले नाही. चांगल्या घरांनी वाईट घरांचा दंड भरायचा का, हा त्याचा प्रश्न. चांगले घर कोणते हे फॉर्मवर लिहिता येत नाही, हे माझे उत्तर.

शेवटी तो म्हणाला, "आई, उद्या ही तपासणी घरच्या घरी होईल. बोटावरचा रक्ताचा थेंब पाकिटात घालून परदेशी पाठवला की झालं. तेव्हा तुझा फॉर्म एफ कोण भरणार?" यावर मला काही बोलता आले नाही. बंदी डॉक्टरच्या तोंडावर आहे. डॉक्टरच मधून निघून गेला तर विचारणारे घर तेवढे उरते.

आणि ते घर आम्हीच आहोत. पुढच्या महिन्यात ऋतुजाचे डोहाळजेवण आहे. त्यात झाकलेल्या दोन वाट्यांचा खेळ असतो, पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी. या खेळात मी कितीदा तरी बसले आहे. पेढा निघाला की सगळ्या बायका ओरडतात, आणि बर्फी निघाली की कोणीतरी पटकन म्हणते, "असू दे, पहिली बेटी, धनाची पेटी." पेढ्यासाठी असे समजुतीचे वाक्य कोणालाच शोधावे लागत नाही, आणि दुसरी बेटी झाली तर काय, हे त्या म्हणीत नाही. ऋतुजाने झोपायला जाताना सांगितले की तिला तो खेळ नको आहे, पेढे आणि बर्फी दोन्ही पंगतीत वाढावे. मी हो म्हणाले. आक्का मात्र या खेळासाठी तिच्या सासूच्या चांदीच्या वाट्या घेऊन येणार आहे आणि ऐकल्यावर चिडणार आहे. तिची समजूत घालण्याचे काम ऋतुजाने माझ्यावर सोपवले आहे. रविवारी, उद्याच्या केकचे कौतुक करून झाल्यावर, फोन करीन.