जाहिरात कधी निघणार?

घरगुती बैठकीत मनाच्या आजारांचा विषय निघाला की दोन उत्तरे तयारच असतात : एक म्हणजे मोबाइल आणि दुसरे म्हणजे ही पिढीच नाजूक. जरा वाचणाऱ्या मंडळींचे तिसरेही एक मत असते. आजार पूर्वीही एवढेच होते, फक्त त्यांची नोंद होत नव्हती, असे ते म्हणतात. या तिसऱ्या मतात तथ्य आहे, म्हणून आधी त्याचाच विचार करतो. भारतातील एकूण आजारांच्या भारात मानसिक विकारांचा वाटा १९९० मध्ये २.५ टक्के होता, तो २०१७ मध्ये ४.७ टक्के झाला. या जवळजवळ दुपटीने घाबरून जाण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे लागते की, याच काळात हगवण आणि गोवर यांसारख्या रोगांनी होणारी हानी बरीच घटली, आणि त्यामुळे उरलेल्या आजारांचा वाटा आपोआप मोठा दिसू लागला. शिवाय ज्याला पूर्वी ‘बाहेरची बाधा’ म्हणत, किंवा विहिरीत जीव दिलेल्या सुनेबद्दल ‘पाय घसरला’ असे सांगून जे प्रकरण मिटवत, त्याची मोजदाद कोणत्याही सर्वेक्षणात होत नव्हती. तेव्हा आजोबांच्या काळी सगळे सुखासमाधानाने नांदत होते, हे मला मान्य नाही.

असे असले तरी नोंदणी सुधारली एवढे म्हणून सुटका होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशातील आत्महत्यांचे प्रमाण २०१७ मध्ये लाखामागे ९.९ होते, ते २०२२ मध्ये १२.४ झाले. त्या एका वर्षात आत्महत्या केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या १३,०४४ होती आणि त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते. इतर कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. या सगळ्याचे कारण ‘आधुनिक जीवनशैली’ असे सांगितले जाते, पण या शब्दांत काहीही मावते आणि त्यामुळे हाती काहीच लागत नाही. म्हणून मी माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टीपुरतेच बोलणार आहे.

मी पुण्यात नवी पेठेत राहतो. नवी पेठ, सदाशिव पेठ आणि शास्त्री रस्त्याचा परिसर ही आता राज्यभरातून आलेल्या स्पर्धा परीक्षार्थींची वसाहत झाली आहे. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये अभ्यासिका आहेत, एकेका खोलीत तीन-चार कॉट टाकून त्या भाड्याने दिलेल्या आहेत, गल्लीगल्लीत मेस आहे आणि झेरॉक्सच्या दुकानांत चालू घडामोडींच्या मासिकांची थप्पी लागलेली असते. अभ्यासिकेत मुलाच्या वाट्याला येते ती जेमतेम अडीच फूट रुंदीची जागा. तीन बाजूंनी प्लायवूडची आडभिंत, एक चार्जिंग पॉइंट, एक दिवा आणि मागे प्लास्टिकची खुर्ची. आडभिंतीवर महाराजांचे किंवा बाबासाहेबांचे चित्र, शेजारी राज्यघटनेच्या कलमांचा तक्ता आणि वर मार्करने लिहिलेली, परीक्षेपर्यंत उरलेल्या दिवसांची संख्या. सकाळी सातला आलेला मुलगा रात्री अकराला उठतो. दिवसभर साठ-सत्तर माणसांत बसूनही त्याचे कोणाशी दहा वाक्यांहून अधिक बोलणे होत नाही, कारण ‘शांतता राखा’ हा तिथला एकमेव नियम असतो.

ही मुले नाजूक आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा मे महिन्यात या खोल्यांमध्ये दुपार काढून पाहावी. कष्टाने माणूस खचत असता तर ती केव्हाच खचली असती. मला असे दिसते की, त्यांना खचवते ती अंत न दिसणारी प्रतीक्षा, आणि त्या प्रतीक्षेची सगळी जबाबदारी एकट्या उमेदवारावर टाकून मोकळी झालेली व्यवस्था.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या २०२० सालच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेचे उदाहरण घ्या. ती ५ एप्रिलला होणार होती. करोनामुळे ती २६ एप्रिलवर गेली, मग १३ सप्टेंबर, मग २० सप्टेंबर, मग ११ ऑक्टोबर अशा तारखा जाहीर होऊन रद्द होत गेल्या. मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये अंतरिम स्थगिती दिल्यामुळे नवाच गुंता निर्माण झाला. शेवटी १४ मार्च २०२१ ही तारीख ठरली आणि परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना, ११ मार्चला, तीही पुढे ढकलल्याचे परिपत्रक निघाले. त्या दिवशी शास्त्री रस्त्यावर हजारो मुले उतरली. मी ते आंदोलन गच्चीवरून पाहिले. घोषणा होत्या, पोलिसांच्या गाड्या होत्या. परंतु कित्येक मुले नुसतीच दुभाजकावर बसून होती, हातात हॉल तिकीट घेऊन. परीक्षा अखेर २१ मार्चला झाली. पहिल्या तारखेपासून जवळजवळ एक वर्ष गेले होते, आणि त्या वर्षाचे खोलीभाडे, मेसचे पैसे आणि वाढलेले वय यांचा हिशेब ज्याचा त्याने आपापल्या घरी द्यायचा होता. ज्यांनी त्याआधीची, २०१९ ची परीक्षा पार केली त्यांचीही सुटका नव्हती. जून २०२० मध्ये अंतिम निकाल लागूनही निवड झालेल्या ४१३ जणांच्या नियुक्त्या वर्षभराहून अधिक काळ रखडल्या. उपजिल्हाधिकारी म्हणून गावात मिरवणूक निघालेला माणूस पुन्हा वडिलांकडे खर्चाला पैसे मागतो, ही अवस्था काय असते याची कल्पना करून पाहावी.

अनिश्चिततेचा मनावर होणारा परिणाम हा केवळ माझा तर्क नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्वयंसेवकांना संगणकावर दगड उलटवायचे होते आणि दगडाखाली साप निघाला तर हाताला विजेचा हलका झटका बसायचा. झटका नक्की बसणार हे ज्या वेळी ठाऊक होते, त्या वेळी माणसे तुलनेने शांत होती. झटका बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना मात्र घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून मोजलेला ताण सर्वांत जास्त भरला. आपल्याकडच्या उमेदवाराच्या बाबतीत यशाची शक्यता निम्मीही नसते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले होते. (त्याच भरतीच्या गुणांचे ‘सामान्यीकरण’, म्हणजे वेगवेगळ्या सत्रांतले गुण एका पातळीवर आणण्याचे गणित, झाल्यावर दोनशे गुणांच्या परीक्षेत २१४ गुण मिळाल्याचेही राज्याने पाहिले. त्यावर हसावे की रडावे, हे त्या मुलांनाच ठाऊक.) नापास होण्याची खात्री असती तर मुले वेळीच दुसऱ्या वाटेला लागली असती; परंतु ‘या वेळी पूर्व दीड मार्काने गेली’ या वाक्यातला तो दीड मार्क पुढच्या दोन वर्षांना पुरतो. त्यातच खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ ही वयोमर्यादा आहे. किती वेळा परीक्षा देता येईल यावर आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये मर्यादा घातली होती, ती २०२२ मध्ये मागे घेतली. मुलांना याचा आनंद झाला आणि त्यांच्या जागी मला तसाच झाला असता. पण थांबण्याचा एक सन्मानाचा टप्पा त्यामुळे नाहीसा झाला, असेही मला वाटते.

मग ही मुले परत का जात नाहीत, असा प्रश्न पुण्यातली सुखवस्तू माणसे हमखास विचारतात. परत जायचे कुठे? महाराष्ट्रातील सरासरी शेतजमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. पूर्वीही मुलगा मॅट्रिकला नापास होत असे, दोन दिवस तोंड लपवत असे आणि तिसऱ्या दिवशी बैल घेऊन रानात जात असे. कारण रानात त्याच्या हातांची गरज होती. आज दोन भावांत अडीच-तीन एकर असताना परतलेला तिशीचा मुलगा म्हणजे घरासाठी मदत नव्हे, खाणारे आणखी एक तोंड ठरतो. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नाही, ही गोष्ट वेगळीच. मुलीच्या बापाची अट ‘सरकारी नोकरी, तीही पक्की’ अशी असते. म्हणजे नोकरी, लग्न, भावकीतले स्थान आणि आईवडिलांचे म्हातारपण, एवढे सगळे त्या एका परीक्षेला बांधलेले आहे. मुलींची कोंडी आणखी निराळी आहे. त्यांना घरून मुदत दिलेली असते, बहुधा दोन वर्षांची, आणि ती संपली की स्थळे पाहायला सुरुवात होते. त्यामुळे परीक्षा सहा महिने पुढे गेली तर मुलाचे सहा महिने जातात, मुलीची संधीच जाते.

आमच्या इमारतीखालच्या टपरीवर परभणीकडचा एक मुलगा चहाला येत असे. सहा वर्षे पुण्यात होता आणि पीएसआयची मैदानी चाचणी देऊन अंतिम यादीत न आल्याचे दुःख त्याने एकदाच आणि अगदी थोडक्यात सांगितले होते. जत्रेला गावी का गेला नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “काका, पहिल्या वर्षी गावात सगळे मला साहेब म्हणायचे, तेव्हा भारी वाटायचं. आता पण साहेबच म्हणतात.” एवढे बोलून त्याने कप ठेवला आणि तो वर गेला. त्यानंतर तो दिवाळीलाही गेला नाही. आईशी फोनवर बोलताना तो ‘अभ्यास चांगला चाललाय’ एवढेच म्हणत असे आणि झोप लागत नाही, हे त्याने घरात कोणालाही सांगितले नव्हते. अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्यालाही नाही, कारण शेजारी बसणारा हा प्रतिस्पर्धीही असतो.

ऑस्ट्रियातील मारिएंथाल या गावची कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली, तेव्हा समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांचे सहकारी तिथल्या बेरोजगारांचा अभ्यास करायला गेले. त्यांना असे आढळले की कामगारांना वेळ भरपूर मिळाला होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले होते आणि पुरुष रस्त्याने रेंगाळत, हळूहळू चालत होते. याहोदा यांनी पुढे असे मांडले की, नोकरी माणसाला पगाराखेरीज बरेच काही देते : दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून काही करण्याचे समाधान, समाजात स्थान आणि हाताला नियमित काम. या कसोटीवर परीक्षार्थीचे आयुष्य तपासले तर दिवसाला आकार आहे आणि काम आहे. पण सहवास, सामूहिक समाधान आणि स्थान या तिन्ही गोष्टी निकालापर्यंत तहकूब आहेत. विशीतली सहा-आठ वर्षे माणसाने या तीन गोष्टींवाचून काढली तर त्याची झोप उडणे, चिडचिड होणे, छातीत धडधडणे हे मला नवलाचे वाटत नाही.

मोबाइलला मी निर्दोष ठरवत नाही. निकालाच्या दिवशी गुलालात न्हालेल्या यशस्वी उमेदवारांचे व्हिडिओ, हमालाच्या मुलाने कसे यश खेचून आणले याच्या मुलाखती आणि ‘मी करू शकतो तर तुम्हीही’ हे पालुपद रात्री एक वाजता कॉटवर पडून पाहणाऱ्या मुलाच्या मनात काय उतरते, हे सांगायला नको. यश केवळ जिद्दीचे असेल तर अपयशही केवळ आपल्याच कमतरतेचे ठरते. जागा किती होत्या हा प्रश्न उरतच नाही. पण हा दोष मोबाइलपेक्षा सत्कार समारंभांचा अधिक आहे, आणि ते भरवणारी मंडळी पुष्कळदा क्लासचालक असतात.

उपाय म्हणून समुपदेशनाचे नाव घेतले जाते. ते हवेच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या विकारांमध्ये उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य बोलता येते, मराठीतही, आणि ज्याला जगणे नकोसे वाटू लागले आहे त्याने किंवा त्याच्या खोलीतल्या मित्राने तो क्रमांक लावायला मुळीच संकोच करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले, आणि त्यांत शिकवणी वर्गांचाही समावेश आहे. अभ्यासिका मात्र कोणत्याच साच्यात नीट बसत नाही. तिथे शिक्षक नाही, अभ्यासक्रम नाही, हजेरीपटही नाही. मुलगा चार दिवस आला नाही तर ‘गावी गेला असेल’ असे म्हणून त्याची खुर्ची तात्पुरती दुसऱ्याला देतात.

म्हणून मला वाटते, या परिसराच्या मानसिक आरोग्यासाठी सर्वांत मोठा उपाय आयोगाच्या आणि मंत्रालयाच्या हातात आहे, आणि तो डॉक्टरी नाही. भरतीच्या जाहिरातीची, परीक्षेची, निकालाची आणि नियुक्तीची तारीख आधी जाहीर करायची आणि ती पाळायची. किती पदे भरणार ते दोन वर्षे आधी सांगायचे, म्हणजे कोणाला थांबायचे असेल तर त्याला आकड्याचा आधार राहील. मुख्य परीक्षेपर्यंत पोचलेल्यांचे गुण खासगी आणि निमसरकारी नोकऱ्यांसाठी ग्राह्य धरावेत अशी मागणी मुले अधूनमधून करतात, तिचाही विचार व्हावा. सध्या निवड झालेल्यांची यादी आयोगाच्या संकेतस्थळावर नावानिशी असते. जे वयोमर्यादा ओलांडून बाहेर पडले ते पुढे कुठे गेले, काय करतात आणि कसे आहेत, याची नोंद ठेवण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नाही.