छायाप्रकाशाचा तास आणि वेरूळचा रावण

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी परभणीच्या आपल्या शाळेत चित्रकलेचे सर वस्तुचित्राची जी तयारी करून घेत, तिचा खरा उपयोग मला पुढे डार्करूममध्ये, म्हणजे छायाचित्रे छापण्याच्या अंधाऱ्या खोलीत, झाला. तांब्या काढताना उजेडाकडची कड रेघ मारून बंद करायची नाही, सर्वांत गर्द छाया कोठे आहे ते आधी ठरवायचे आणि बाकीच्या छटा तिच्या मानाने लावायच्या, असा सरांचा आग्रह असे. शिल्पांची छायाचित्रे हा माझा व्यवसाय झाला, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. पण निर्णय मी अजून त्याच क्रमाने घेतो.

टालबट या इंग्रज संशोधकाने १८४४ मध्येच, पॅट्रोक्लसच्या अर्धपुतळ्याचे छायाचित्र प्रसिद्ध करताना, असे नोंदवले होते की कडक उन्हातल्या सावल्यांनी शिल्पाचे रूप गोंधळून जाते. त्यापेक्षा ढगाळ दिवस बरा, नाहीतर एका बाजूला पांढरे कापड धरून सावलीत थोडा उजेड सोडावा. मराठवाड्यातला दगड मात्र काळा बेसॉल्ट. औंढा नागनाथच्या बाह्यभिंतीवर भर दुपारी कॅमेरा रोखला, तर कपाळ आणि गुडघे पांढरे फटक पडतात, आणि हनुवटीखाली जे काही घडवलेले आहे ते सगळे काळ्यात बुडते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मिळाले तर उत्तमच; न मिळाल्यास उरलेले काम अंधाऱ्या खोलीत करावे लागे.

त्या खोलीतली अवजारे अगदी साधी होती. सायकलच्या तारेच्या टोकाला काळ्या पुठ्ठ्याची चकती चिकटवायची आणि एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या दिव्याच्या यंत्राखाली, ती सतत हलवत ठेवून सावलीचा भाग काही क्षण उजेडापासून वाचवायचा, म्हणजे तो कागदावर उजळ उतरतो, हे डॉजिंग. पुठ्ठ्याला भोक पाडून, किंवा दोन्ही तळव्यांमध्ये फट ठेवून, पांढऱ्या पडलेल्या भागाला जास्त उजेड द्यायचा, हे बर्निंग. हात थांबला की कडेला वर्तुळ उमटलेच, आणि ब्रोमाइड पेपर, म्हणजे छपाईचा प्रकाशसंवेदी कागद, वाया. डेव्हलपरला, म्हणजे कागदावर चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, वीस अंश सेल्सियस तापमान हवे असे आणि आमच्याकडे मे महिन्यात टाकीच्या पाण्यात हात घालवत नसे, त्यामुळे बर्फाच्या लादीचा तुकडा हेही छायाचित्रणाचेच साहित्य होते. छाप तयार झाल्यावर काळेपणा उतरवणाऱ्या पोटॅशियम फेरिसायनाइडच्या पातळ द्रावणात कापसाचा बोळा बुडवून खांद्यावर, गालाच्या उंचवट्यावर अलगद फिरवायचा आणि लगेच धुऊन टाकायचा. दगडाची गोलाई एकदम वर येते. सगळ्या युक्त्यांत मला हीच सर्वांत प्रिय होती.

वेरूळच्या कैलास लेण्यात, मंदिराच्या दक्षिण बाजूला, कैलास पर्वत हलवणारा रावण आहे. वर शिव, त्याच्या हाताला बिलगलेली पार्वती, मागे पळत सुटलेली दासी, आणि खाली खोल कोरलेल्या पोकळीत जवळजवळ सुटा घडवलेला रावण. माहितीपुस्तिका छापणाऱ्यांना रावण स्वच्छ दिसायला हवा असतो. तो तसा दाखवता येतो, पण पोकळी उजळली की पर्वताचे वजन नाहीसे होते आणि रावण नुसता हात पसरून बसलेला माणूस वाटतो. म्हणून ती पोकळी मी काळीच ठेवतो, फक्त त्याच्या हातांच्या कडा अंधारातून सुटतील एवढाच उजेड वाचवतो, आणि पार्वतीच्या दंडापाशी तो थोडा वाढवतो. शिल्पकाराने जो अंधार मुद्दाम कोरला, तो भरून काढण्याचा अधिकार छायाचित्रकाराला नाही असे माझे मत आहे.

संगणक आल्यावर बर्फ गेला, छाप पक्का करणाऱ्या हायपोचा वास गेला. १९९० मध्ये बाजारात आलेल्या फोटोशॉप या चित्रसंपादनाच्या प्रणालीत डॉजच्या खुणेसाठी तीच काडीवरची चकती आणि बर्नसाठी तोच वळलेला हात पाहून मला घरी आल्यासारखे वाटले. मूळ चित्राला हात न लावता त्यावर मध्यम करड्या रंगाचा थर ओव्हरले पद्धतीने, म्हणजे करडा स्वतः दिसणार नाही असा, ठेवायचा आणि अगदी फिक्या ब्रशने त्यावर काळे-पांढरे चढवत जायचे. चुकले तर तेवढेच पुसता येते. या सोयीमुळे हात सैल मात्र सुटतो. बारकावे ठळक करणारी क्लॅरिटीची पट्टी शेवटपर्यंत ओढून दगडाचे प्रत्येक छिद्र करकरीत करणारी आणि मूर्तीभोवती पांढरी झालर उमटवणारी चित्रे हल्ली फार दिसतात. त्यांत दगड दिसतो, मूर्ती नाही.

भिंतीवरून गेलेली विजेची वायर मी चित्रातून काढतो. तुटलेले नाक मात्र कधीही जोडत नाही. शेंदूरही पुसत नाही, कारण ती त्या देवाची आजची पूजा आहे. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळ्या वाहिन्यांत नोंदवतो; शेंदराने त्यातली लाल वाहिनी भरून जाते आणि चेहरा सपाट दिसतो; अशा वेळी कृष्णधवल रूपांतर हिरव्या वाहिनीतून केल्यास पापण्या आणि ओठ पुन्हा सापडतात.

गावोगावच्या पडक्या देवळांची जुनी निगेटिव्हे ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी असतील, त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून न ठेवता कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवावीत आणि एकदा मला दाखवावीत. त्यांचे स्कॅनिंग करून एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याचे काम मी आनंदाने करीन.