तीन ओळी खाली पडणारी नजर

एस. टी. स्थानकावरच्या वेळापत्रकात प्रवासी आपली गाडी कशी शोधतात हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होता, आणि त्यासाठी विभागाने मला चष्म्यासारखा घालायचा आय ट्रॅकर, म्हणजे नजर कुठे पडते ते नोंदवणारे यंत्र, दिले होते. त्याचा एक कॅमेरा अवरक्त प्रकाशात उजव्या डोळ्याची बाहुली टिपतो आणि भुवईवरचा दुसरा कॅमेरा समोरचे दृश्य चित्रित करतो. बाहुलीच्या जागेवरून दृश्यातला बिंदू काढण्याचे गणित मात्र प्रत्येक व्यक्तीसाठी कॅलिब्रेशन करून, म्हणजे ठरावीक खुणांकडे पाहायला लावून, नव्याने बसवावे लागते, कारण डोळ्याचा भूमितीय अक्ष आणि प्रत्यक्ष नजरेची रेषा यांत काही अंशांचा फरक असतो व तो माणसागणिक बदलतो.

पहिल्या चाचणीसाठी मी व्हरांड्यात खऱ्या मापाचा छापील फलक लावला, मैत्रिणीला अडीच मीटरवर उभे केले आणि साताऱ्याची गाडी शोधायला सांगितले. तिने वेळ लगेच वाचून दाखवली. चित्रफितीत तिची नजर दाखवणारा लाल ठिपका मात्र तीन ओळी खाली, पंढरपूरवर स्थिरावला होता. पुढच्या दोघांच्या बाबतीतही तेच घडले. ठिपका इकडेतिकडे उडत असता तर मी यंत्राला बोल लावला असता, पण तो अगदी ठामपणे चुकत होता.

दोष माझाच निघाला. कॅलिब्रेशन मी टेबलावरच्या लॅपटॉपसमोर, 60 सेंमी अंतरावर केले होते. दृश्याचा कॅमेरा डोळ्याच्या सुमारे 3 सेंमी वर असल्यामुळे त्या अंतरावर कॅमेरा आणि डोळा यांच्या कोनांत 2.9 अंशांचा फरक पडतो, तर अडीच मीटरवर तो केवळ 0.7 अंश उरतो. म्हणजे 2.2 अंशांची चूक गणितातच शिरली होती. अडीच मीटरवर एक अंश म्हणजे सुमारे 4.4 सेंमी; माझ्या फलकावर दर 3 सेंमीला एक ओळ होती, त्यामुळे तीन ओळींचा हिशेब तंतोतंत जुळला. दोन्ही डोळ्यांवर कॅमेरे असते तर नजरेच्या मिलनकोनावरून, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नजररेषा जिथे मिळतात तिथल्या कोनावरून, अंतराचा अंदाज घेता आला असता, पण आमच्याकडे ती सोय नव्हती.

त्यानंतर भिंतीवरच पाच खुणा चिकटवून कॅलिब्रेशन केले आणि पडताळणी मुद्दाम वेगळ्या चार खुणांवर घेतली, कारण ज्या खुणांवर गणित बसवले त्यांच्यावरच तपासणे म्हणजे स्वतःच स्वतःची उत्तरपत्रिका तपासणे होय. चूक सरासरी 1.3 अंशांवर आली, तरीही ती जवळजवळ दोन ओळींची होती! अखेर ‘कोणती ओळ वाचली’ हा प्रश्नच सोडून मी फलकाचे 15 सेंमी उंचीचे पट्टे पाडले.

स्थानकावर वेगळ्याच अडचणी आल्या. उन्हातल्या अवरक्त किरणांनी बाहुलीचे चित्र पांढुरके होई, म्हणून सारे छपराखाली हलवले. गडद काजळाची कड आज्ञावलीला बाहुली वाटे. एका आजींना चष्म्याला हात लावू नका असे तीनदा विनवले, पण घाम आला की त्या बोटाच्या पेराने तो नाकावर ढकलत आणि ठिपका एकदम उडी घेई. “अगं, चाळीस वर्षांची सवय आहे,” त्या म्हणाल्या. मग डोक्यामागून इलॅस्टिकचा पट्टा बांधला आणि प्रत्येकाची पडताळणी सुरुवातीला व शेवटीही घेतली.

शेवटच्या पडताळणीतली चूक 2 अंशांपेक्षा जास्त निघालेल्या सात जणांची नोंद मी गाळली. चोविसांपैकी सतरा उरले. मार्गदर्शक मॅडमनी मसुदा परत करताना समासात लिहिले होते: गाळलेल्यांचा तक्ताही जोड.