ॲपात २४, क्लबात २१ : माझ्या गोल्फ हँडीकॅपची भानगड

कोल्हापुरात राहून गोल्फ खेळतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो "ते श्रीमंतांचं?" आणि दुसरा "मग फुटबॉल का नाही?", दोन्हींना उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे, पुण्याच्या गिऱ्हाइकांकडं सारखं जाणंयेणं, त्यातल्याच एका काकांनी हा नाद लावला आणि आता पुण्याला काम निघालं की डिकीत सेट असतोच. फोनमध्ये एक ॲप होतं, प्रत्येक राउंड झाला की स्कोअर टाकायचा, ते हँडीकॅप सांगायचं, २४.३. मी सगळ्यांना तोच आकडा सांगायचो आणि कुणी काय बोलायचं नाही.

मग एका टूर्नामेंटचा फॉर्म आला आणि त्यात लिहिलेलं, ऑफिशियल हँडीकॅप इंडेक्स पाहिजे, ॲपचा स्क्रीनशॉट चालणार नाही. तिथून पुढं जे झालं ते लिहितोय, कारण हे सगळं मराठीत एका जागी मला कुठं सापडलं नव्हतं.

ज्यांना हँडीकॅप म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खासबागेच्या कुस्ती मैदानात जोड लावताना वजन, वय, तयारी बघतात, तोलामोलाचा गडी नसेल तर कुस्तीला मजाच नाही. गोल्फमध्ये जोड कशीही लागली तरी चालतं, कच्च्या गड्याला फटके सवलतीत मिळतात आणि ते वजा करून निकाल लावतात. ते किती मिळायचे हे ठरवायचा हिशोब म्हणजे हँडीकॅप. आधी जगात सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या, अमेरिकेची वेगळी, इंग्लंडची वेगळी, ऑस्ट्रेलियाची वेगळी, २०२० च्या जानेवारीत आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांनी त्या एकत्र करून वर्ल्ड हँडीकॅप सिस्टिम आणली. आपल्याकडं इंडियन गोल्फ युनियन ते बघतं आणि तुम्हाला आकडा मिळतो तो क्लबामार्फत. म्हणजे आधी कुठल्यातरी क्लबाचं मेंबर व्हायला पाहिजे. मी बाहेरगावचा मेंबर म्हणून नाव घातलं, काकांनी सही केली, तो भाग सोपा होता, पैसे सोडले तर.

क्लबाच्या ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, "किमान ५४ होलची कार्डं द्या, मार्करची सही पाहिजे." होल म्हणजे टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) भोकापर्यंतचा एक टप्पा, मार्कर म्हणजे आपला स्कोअर लिहिणारा सोबतचा गडी. ५४ म्हणजे १८ होलचे तीन राउंड, किंवा नऊ-नऊचे तुकडे जोडून तेवढे. मी म्हटलं माझ्याकडं ॲपात ढीगभर राउंड आहेत की. ते हसले. एकट्यानं सकाळी कॅडीला घेऊन खेळलेला राउंड धरत नाहीत, सोबत किमान एक खेळाडू पाहिजे. दोन बॉल टाकून त्यातला बरा घेतलेला राउंड नाही. आणि स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजतात त्या खेळात, "राहू दे, हा पट (भोकाजवळचा हलका फटका) धरला" असं म्हणून उचललेला बॉल तर नाहीच, बॉल भोकात गेला पाहिजे. ही चाळणी लावली तर ॲपातला अर्धा ढीग तिथंच गळला असता. त्यामुळं सरळ नव्यानं कार्डं जमवली.

तीन कार्डं झाली आणि इंडेक्स आला २१.१. ॲप २४.३ म्हणतंय, क्लब २१.१. फरक तीनचा, म्हणजे टूर्नामेंटला तीनेक फटके कमी मिळणार, आणि माझ्यासारख्याला तीन फटके म्हणजे लई झाले. काकांना फोन केला, "काका, हे काय झालं हो? तुमच्या क्लबानं माझं नुकसान केलं." ते म्हणाले, "अरे तू एवढी मशिनं चालवतोस, एक एक्सेल नाही का मांडता येत? मांड आणि मग भांड माझ्याशी."

मांडलं. सूत्र असं आहे: तुमच्या स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करा, आलेल्या आकड्याला ११३ नं गुणा, स्लोपनं भागा. याला म्हणतात स्कोअर डिफरन्शियल. कोर्स रेटिंग म्हणजे एकदम तयारीचा, शून्य हँडीकॅपचा खेळाडू त्या टीवरून साधारण किती फटके घेईल तो आकडा. स्लोप म्हणजे त्याच्या मानानं आपल्यासारख्या वीसेक हँडीकॅपच्या माणसाला तो कोर्स किती जास्त जड जातो ते, ५५ पासून १५५ पर्यंत असतो आणि ११३ ला बेताचा कोर्स धरतात. ही स्लोपची कल्पना डीन नूथ नावाच्या अमेरिकन नौदलातल्या माणसाची, आणि मला ती फार आवडली, कारण कोर्स अवघड असला की सगळ्यांना सारखाच अवघड असतो असं नाही, तळं ओलांडायचा फटका तयारीच्या माणसाला काहीच वाटत नाही, आपण दोन बॉल तिथं अर्पण करून येतो.

आता माझंच कार्ड घ्या. त्या टीचं रेटिंग ७१.२, स्लोप १२६, पार (ठरवून दिलेले फटके) ७२. माझा एकूण स्कोअर १०१. पण त्यात एका पार चारच्या होलवर १३ फटके, तेच तळं. हँडीकॅप नसलेल्या माणसाला एका होलवर जास्तीत जास्त पार अधिक पाच एवढेच धरतात, म्हणजे तिथं ९. चार फटके गेले, राहिले ९७. ९७ वजा ७१.२ म्हणजे २५.८, गुणिले ११३, भागिले १२६, उत्तर २३.१. क्लबानं हेच धरलेलं.

तेच १०१ न छाटता सूत्रात टाकले तर येतात २६.७. माझ्या ॲपात मी एकूण स्कोअर टाकायचो, होलवार टाकायची सोय पैसे भरणाऱ्यांना होती, त्यामुळं त्या १३ मधले चार काढायचे हे त्याला कळणार कसं? आणि गंमत पुढं आहे. काही राउंडना ॲपनं आपणहून मागची टी धरलेली, रेटिंग ७३.४, स्लोप १३२. त्या आकड्यांनी तेच ९७ टाकून बघितले, २०.२ आले. म्हणजे एकच राउंड, तेच तळं, तेच बुडालेले बॉल, आणि डिफरन्शियल २०.२, २३.१ किंवा २६.७ यातलं काहीही. ॲपातले काही आकडे असे फुगलेले, काही दबलेले, आणि सरासरी २४.३. दिसायला एक दशांशापर्यंत अचूक!

बरं, मग तीन कार्डांवरून २१.१ कसं आलं? माझे डिफरन्शियल होते २३.१, २५.६ आणि २७.०. मला वाटलेलं सरासरी काढतील. तसं नसतंय. तीनच कार्डं असतील तर सगळ्यात चांगलं एक घेतात आणि त्यातून वर दोन वजा करतात. २३.१ वजा २, झाले २१.१. चार कार्डं झाली की एक वजा, पाच झाली की वजाबाकी बंद, सहा झाली की चांगल्या दोनची सरासरी आणि त्यातून एक वजा, असं करत करत २० कार्डांना पोचलं की शेवटच्या २० मधली चांगली आठ घेऊन त्यांची सरासरी. पूर्वी अमेरिकेत २० पैकी चांगली १० घेऊन त्याला ०.९६ नं गुणायचे, कुठल्या ॲपात अजून तो जुना हिशोब असेल तर तिथंही आकडा फिरणार.

यामुळं माझ्या बाबतीत एक विचित्र गोष्ट झाली. चौथं कार्ड २६.२ चं आलं, इंडेक्स झाला २२.१. पाचवं २८.४ चं, इंडेक्स २३.१. आमच्या चौघांच्या फोरबॉलमधले एक गृहस्थ म्हणाले, "काय पाव्हणं, टूर्नामेंट जवळ आली की हँडीकॅप वाढायला लागला का?" आता यांना काय सांगायचं, अरे खेळ तोच आहे, वजाबाकी कमी झाली! सहावं कार्ड बरं आलं, २४.५, मग २३.१ आणि २४.५ ची सरासरी २३.८, वजा एक, २२.८. एक्सेल उघडून दाखवलं तेव्हा ते गप्प बसले, तरी चेहऱ्यावर शंका होतीच.

इंडेक्स मिळाल्यावर छाटायचा नियम बदलतो. पार अधिक पाच जातं आणि नेट डबल बोगी येते, म्हणजे पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला जेवढे सवलतीचे फटके ते. कोर्स हँडीकॅप (त्या कोर्सवर मिळणारे एकूण सवलतीचे फटके) २३ असेल तर प्रत्येक होलला एक आणि सगळ्यात अवघड पाच होलना दोन-दोन, त्यामुळं पार चारवर माझी मर्यादा ७, त्या पाचातल्या पार चारवर ८. एकूण स्कोअर घेणाऱ्या ॲपला हे जमणारच नाही.

अजून एक भाग आहे तो घरबसल्या कुणालाच काढता येत नाही, पीसीसी, म्हणजे प्लेइंग कंडिशन्स कॅल्क्युलेशन. त्या दिवशी कोर्सवर खेळलेल्या सगळ्यांचे स्कोअर बघून सिस्टिम ठरवते की वारा-पावसानं खेळणं नेहमीपेक्षा अवघड होतं का सोपं, आणि उणे एक ते अधिक तीन यातला आकडा लावते. त्यासाठी किमान आठ जणांचे स्कोअर लागतात, नाहीतर शून्य. अधिक एक लागला असता तर माझं ते ९७ चं कार्ड २३.१ च्या जागी २२.२ धरलं असतं. ॲपला माझा स्कोअर माहीत, बाकीच्यांचे कुठून कळणार?

२० कार्डांनंतर वाढीला लगामही लागतो, इंडेक्स वर्षभरातल्या नीचांकापेक्षा तीननं वर गेला की पुढची वाढ निम्मीच देतात आणि पाचच्या वर जाऊच देत नाहीत. एखादा राउंड इंडेक्सपेक्षा सात किंवा जास्त चांगला लागला तर उलट एक कापतात, दहा किंवा जास्त असेल तर दोन, त्याला मात्र २० कार्डांची अट नाही. मी अजून २० कार्डांच्या गावाला पोचलेलो नाही. काका पोचलेत, ते वर्षभर गुडघा दुखतोय म्हणतात पण इंडेक्स काय वर चढत नाही.

नऊ होलचं मात्र सांगतो कारण पावसाळ्यात तेच होतं. ॲप ४८ चे सरळ ९६ करायचं. २०२४ च्या सुधारणेनंतर तसं नाही, खेळलेल्या नऊचा डिफरन्शियल काढतात आणि उरलेल्या नऊसाठी तुमच्या इंडेक्सचा माणूस साधारण किती घेईल तो अंदाज जोडतात. पहिले नऊ माझे बरे जातात, त्यामुळं दुप्पट करणं माझ्या फायद्याचं दिसायचं, पण फायदा कसला, आकडा खोटा कमी व्हायचा आणि मॅचमध्ये फटके कमी मिळायचे.

टूर्नामेंटच्या फॉर्मवर तोवर पहिलाच इंडेक्स गेलेला, २१.१. आणि तेवढेच फटके मिळतात असंही नाही. २१.१ गुणिले १२६ भागिले ११३, त्यात रेटिंग वजा पार म्हणजे उणे ०.८ धरायचे, आले २२.७, कोर्स हँडीकॅप २३. मग स्ट्रोक प्लेला त्याचे ९५ टक्के, २२. आमच्या ग्रुपमधले एकजण ॲपचा इंडेक्सच थेट स्कोअरमधून वजा करून मोकळे झाले होते, स्टार्टरनं (खेळ सुरू करून देणाऱ्या माणसानं) त्यांना शांतपणे पहिल्या टीजवळच्या, इंडेक्सवरून कोर्स हँडीकॅप दाखवणाऱ्या तक्त्यापुढं नेऊन उभं केलं.

नंबरात मी कुठं आलो ते विचारू नका. ॲप मी काढलेलं नाही, ग्रीन (भोकाभोवतीची हिरवळ) किती यार्डावर आहे आणि किती पट मारले ते त्यात छान दिसतं, हँडीकॅपचा कोपरा तेवढा बंद करून ठेवलाय. कार्ड त्याच दिवशी क्लबात देतो, दुसऱ्या दिवशी नवा इंडेक्स येतो, आणि शिरोलीत जेवणाच्या सुट्टीत एक्सेलशी ताडून बघतो. आतापर्यंत जुळलाय, एकदाच ०.१ नं हलला, तो पीसीसीचा निघाला.