गच्चीवरचा पाऊस नेटवर टाकायचा तर आधी साडेआठचं बघा

घरचं वेदर स्टेशन ऑनलाइन टाकायला काय काय लागतं असं बरेच जण विचारतात. खरं सांगू का, टाकायला फारसं काही लागत नाही. गच्चीवरचा सेन्सर रेडिओवरून घरातल्या गेटवेला आकडे पाठवतो, गेटवे वायफायला जोडायचा (माझ्यासारख्या गेटवेला २.४ गिगाहर्ट्झवालंच लागतं, ५ वालं त्याला दिसतच नाही), ॲपमध्ये वेदर अंडरग्राउंड या हवामानाच्या साइटवरचा स्टेशन आयडी आणि त्याची की (पासवर्डसारखा कोड) टाकायची, बस्स झालं, नकाशावर तुमचा ठिपका आला. डोक्याला ताप होतो तो यानंतर.

कारण ठिपका दिसला रे दिसला की बिल्डिंगमधले काका लोक पेपर घेऊन येतात. "अहो, पेपरात २२ मिलिमीटर दिलाय, तुमच्याकडे ९ च कसा?" आता यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे वेळ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो आणि ज्या सकाळी संपतो त्या तारखेला लिहितात, आणि साइटवरचा दिवस रात्री बारा ते बारा. म्हणजे रात्री अकराला सुरू झालेला पाऊस दोनपर्यंत कोसळला तर साइट त्याचे दोन तुकडे करणार आणि खात्याकडे तो अख्खा एकाच दिवसात बसणार. म्हणून मी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर वीवीएक्स हे वेदर स्टेशनचं सॉफ्टवेअर टाकलंय, फुकट आहे, पायथनमध्ये लिहिलेलं, सगळ्या नोंदी एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलमध्ये ठेवतं, त्यातून साडेआठ ते साडेआठची बेरीज काढायची एक छोटी स्क्रिप्ट आहे आणि तोच आकडा सोसायटीच्या ग्रुपवर जातो.

दुसरं म्हणजे पाऊस खरंच वेगळा असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला ७३, एकाच मुंबईत! मग पुण्यात शिवाजीनगरची वेधशाळा आणि आमची गच्ची यात फरक पडला तर कुणाचं यंत्र बिघडलंय असं नाही. (आणि हो, गच्चीवर कितीही पडला तरी त्याचा धरणाशी संबंध नाही, टेमघर-पानशेत-वरसगावच्या वर पडला तर बोला.)

अर्थात यंत्र बिघडतंही. पावसाच्या डब्याचं झाकण काढलंत तर आत एक इवलासा सी-सॉ दिसेल, एका बाजूची वाटी भरली की तो खट्कन कलंडतो आणि एक नोंद होते, माझ्याकडे एक खट् म्हणजे ०.२ मिमी. फनेलच्या भोकात पान अडकलं किंवा कुंभारमाशीने माती लिंपून ठेवली की बाहेर धो धो आणि नेटवर शून्य. तपासणी सोपी आहे. फनेलचं तोंड १०० चौरस सेंमी असेल तर २०० मिली पाणी म्हणजे २० मिमी, म्हणजे १०० वेळा खट् व्हायला पाहिजे. फक्त पाणी थेंब थेंब सोडा, भसकन ओतलंत तर सी-सॉ कलंडत असताना पाणी वाया जातं आणि आकडा कमी येतो. वळवाच्या आधी एकदा हे करून टाकावं.

हवेच्या दाबाचं वेगळंच. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, त्यामुळे सेन्सर ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास दाखवतो आणि इतका कमी दाब बघून बघणाऱ्याला वाटतं चक्रीवादळ आलं की काय! नेटवर समुद्रसपाटीला आणलेला आकडा द्यायचा असतो, त्यासाठी सेटिंगमध्ये उंची नीट भरायची, म्हणजे पंधराव्या मजल्यावर राहत असाल तर तेवढे मजलेही धरायचे.

तापमानाला गच्ची ही वाईटच जागा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो, म्हणून सेन्सर पांढऱ्या झडपांच्या कव्हरात, पाइपवर उंच, एसीच्या आउटडोअर युनिटपासून लांब. तरीही मे महिन्यात माझा आकडा खात्यापेक्षा जास्तच येतो, आणि स्टेशनच्या माहितीत मी सरळ "काँक्रीटची गच्ची" असं लिहून ठेवलंय. वाऱ्याचे आकडे तर मी टाकतच नाही, खुल्या जागेत १० मीटरवर मोजायचा वारा इथे पाण्याच्या टाकीला वळसा घालून येतो, त्याचं काय करायचं.

अजून एक, घरातलं तापमान मात्र कृपा करून पब्लिक करू नका. मे महिन्यात चार दिवस एसी लागलेला दिसला नाही की कुलूप आहे हे कोणालाही कळतं. नकाशावरचा ठिपकाही मी आमच्या गल्लीच्या टोकाला सरकवलाय, हवामानाला तेवढ्याने काही फरक पडत नाही.

लाइट गेली तर राउटर आणि गेटवे दोन्ही छोट्या यूपीएसवर आहेत. वीवीएक्सचा बॅकअप रोज रात्री पेनड्राइव्हवर जातो, कारण मेमरी कार्डाचा काही भरवसा नाही, सारखं लिहून लिहून ते कधीतरी जातंच. स्क्रिप्ट कुणाला हवी असेल तर सांगा, दहा-बारा ओळींचीच आहे.