पॉवर व्हॉल्व्ह अडकत होता, आणि तोही फक्त गरम असताना

माझी २५० टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी वळणातून निघताना आधी मेलेली आणि मग एकदम अंगावर येणारी का, यावर या धाग्यात बरीच चर्चा झाली. सापडलं एकदाचं! दोष पॉवर व्हॉल्व्हचा, म्हणजे आरपीएमनुसार एक्झॉस्ट पोर्ट कमी-जास्त उघडणाऱ्या झडपेचा. आणि ज्या ज्या गोष्टींवर आपण इतका काथ्याकूट केला, त्यातली एकही मुख्य आरोपी निघाली नाही. ना व्हॉल्व्हची स्प्रिंग, ना एक्झॉस्टचा पाइप, ना रीड (मिश्रण आत घेणारी पाती). कार्ब्युरेटरमधल्या नीडलचा थोडा हात आहे, पण तो साथीदार म्हणून.

धागा जोडण्यापुरतं सांगतो. फ्लायव्हील वेट (फ्लायव्हीलवरचं जादा वजन) बसवल्यापासून २५० पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बंद पडायची थांबली होती. हिट, म्हणजे ताकद एकदम येण्याचा झटका, मात्र जागच्या जागी. वेटमुळे ताकद कमी होत नाही, आरपीएम किती झटक्यात चढतात तेवढंच बदलतं; आणि वरच्या गिअरमध्ये गाडीचं नि स्वाराचं वजनच इतकं भारी पडतं की वेट आहे की नाही हे कळतही नाही. त्यानंतर पुढचं स्प्रॉकेट १३चं १४ केलं, मागे ५० तसंच. रेशो ३.८५ वरून ३.५७ वर आला, म्हणजे मागचे साडेतीन दात कमी केल्यासारखं. हा बदल मला आवडलाय, तो राहणार. हिट तेवढीच आहे, पण मागचं चाक एकदम सुटायच्या आधी जरा सावरायला वेळ मिळतो. ज्यांची तक्रार नुसती ‘गाडी फार अंगावर येते’ एवढीच आहे, त्यांनी आधी हे करून बघावं. बाकी सगळं नंतर.

आता मूळ दुखणं. सरळ ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल हळूहळू उघडला तर गाडी पाइपवर येते (पाइपची साथ मिळून पूर्ण ताकद लागते) ती जरा उशिरा, पण निदान अंदाज येतो. तीच गाडी वळणात थ्रॉटल बंद करून पुन्हा उघडला की आधी काहीच नाही. ठार मेलेली. मग क्लचवर बोट टाकायचं, आरपीएम वर न्यायचे, आणि पुढच्या क्षणी हँडल छातीशी. यातली खरी वैताग आणणारी गोष्ट म्हणजे थंड इंजिनवर पहिल्या काही फेऱ्यांत हा प्रकार अजिबात नाही. चांगली तापली की तिच्या अंगात येतं.

गरम झाल्यावर बिघडते म्हणजे रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असणार, हा पहिला तर्क. पायलट (कमी थ्रॉटलचा जेट) ४५चा ४२ केला, नीडलची क्लिप वरून तिसऱ्या खाचेतून दुसऱ्या खाचेत घेतली. एअर स्क्रू आता दीड फेऱ्यांवर नीट बसतो. आधी अडीचच्या पुढे नेला तरी आयडल सुधारतच होता, म्हणजे पायलट मोठा होता यात वाद नाही. खालची घरघर गेली, सायलेन्सरमधून गळणारं काळं तेलकट स्पूज बरंच आटलं. पाव थ्रॉटलवर इतकी स्वच्छ ती आजवर कधीच चालली नव्हती, आणि त्या आनंदात संध्याकाळ बरी गेली. वळणानंतरचा खड्डा मात्र होता तिथेच.

मग ठरवलं, की हा व्हॉल्व्ह नेमकं करतोय काय ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आता एकही जेट बदलायचा नाही.

डाव्या बाजूचं झाकण काढलं. लिंकेजच्या शाफ्टच्या टोकावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली, आणि शेजारी कास्टिंगवर दोन खुणा केल्या: एक पूर्ण बंदची, एक पूर्ण उघड्याची. गाडी ट्रॅकवर चांगली तापवून तशीच स्टँडवर घेतली. मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनवर लावला आणि इंडक्टिव्ह टॅको (आरपीएम दाखवणारं मीटर) त्याच चौकटीत दिसेल असा टेकवून ठेवला. थ्रॉटल अगदी हळू.

५,५००च्या आसपास रेघ हलायला हवी. नाही हलली. ५,८००, ६,०००, ६,३००, रेघ ढिम्म. आणि मग ६,५००ला सात फ्रेममध्ये थेट दुसऱ्या खुणेवर. सात फ्रेम म्हणजे ३० मिलिसेकंदसुद्धा नाहीत. फुगलेला लाकडी खण ओढताना होतं तसं: हलत नाही, हलत नाही, आणि मग सगळाच्या सगळा हातात येतो.

व्हॉल्व्ह उघडणारा गव्हर्नर कसा चालतो ते आठवा. फिरणाऱ्या गोळ्यांचा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ५,५०० वरून ६,५०० वर गेलं की तोच जोर सुमारे ४० टक्के जास्त. तेवढा जोर साठून राहतो आणि घर्षण सुटल्याबरोबर स्प्रिंगला न जुमानता व्हॉल्व्हचे भाग, म्हणजे फ्लॅप नि दोन्ही ड्रम, एका दमात उघडतात. पण खरं उत्तर पुढच्या भागात होतं, थ्रॉटल सोडल्यानंतरच्या. आरपीएम ४,०००च्या खाली उतरले तरी रेघ उघड्या खुणेवरच बसलेली. ३,०००च्या जवळ कुठेतरी टपकन बंद.

म्हणजे वळणातून बाहेर पडताना व्हॉल्व्ह अजून उघडाच! २५० मोटोक्रॉस इंजिनचा एक्झॉस्ट पोर्ट पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवर साधारण १९० अंशांच्या आसपास उघडा राहतो. एवढं टायमिंग ८,०००ला हवंच असतं, कारण तिथे पाइपमधून परतणारी लाट बाहेर निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ३,५००ला ती लाट वेळेच्या खूप आधी येऊन जाते आणि मिश्रण आरामात बाहेर पळतं. तिथे फ्लॅप खाली असायला हवा. तो वर अडकलेला, म्हणून तळाला काही नाही. मग पाइप जागा झाला की जे काही आहे ते सगळं एकदम. पॉवर व्हॉल्व्ह नसलेल्या जुन्या गाड्या ज्यांनी चालवल्यात त्यांना हे वागणं ओळखीचं असेल. यामाहाने १९८३च्या आरडी ३५०मध्ये वायपीव्हीएस हा त्यांचा पॉवर व्हॉल्व्ह दिला तो याचसाठी. होंडाने १९८४च्या सीआरमध्ये एटॅक आणताना वेगळी वाट धरली, पोर्टला हात न लावता पाइपच्या तोंडाशी एक जादा कप्पा उघडायचा-मिटायचा. दोघांनाही भरायचा होता तो तळच. आपण मात्र सगळे वरचं टोक छाटायला निघालो होतो.

आता अडकतं कुठे? पाइप उतरवला, हातमोजे घातले आणि इंजिन गरम असतानाच लिंकेज सोडवून एकेक ड्रम बोटाने फिरवला. डावा मोकळा. उजवा शेवटच्या तिसऱ्या भागात घट्ट. अर्ध्या तासाने, गार झाल्यावर, दोन्ही मोकळे. टेबलावर इतका वेळ काही सापडत का नव्हतं ते इथे कळलं. ड्रम थेट एक्झॉस्टच्या ज्वाळेत, सिलिंडरभोवती मात्र पाणी खेळतंय. ड्रम जास्त तापतो, जास्त फुगतो, मधली फट कमी होते.

उजवा ड्रम बाहेर काढून उजेडात धरला. अंगावर तपकिरी वार्निश, ते सगळ्यांच्याच असतं. पण आतल्या टोकाला नखाएवढ्या रुंदीचा एक चकचकीत पट्टा, एका बाजूला जास्त घासलेला. बोअरमध्ये टॉर्च मारला तर बरोब्बर त्याच खोलीवर कडक कार्बनची कडा. नखाला लागत होती, डोळ्याला जेमतेम दिसत होती. एवढीशी कडा, आणि तिच्यापायी तीन रंगांच्या स्प्रिंगा, दोन सेट रीड आणि शेवट नसलेल्या चर्चा!

ड्रम कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवला, मग पितळी ब्रश. बोअरमधली कडा लाकडी काडीने नि पितळी पट्टीने हळूहळू खरवडली. शेवटी स्कॉच-ब्राइटचा हलका हात. पॉलिश पेपर लावू नका, कितीही मोह झाला तरी. ड्रमचा व्यास कमी झाला की तो मोकळा फिरेल, पण बंद असताना गळेल, आणि तळ पुन्हा गेला. बसवताना टू-स्ट्रोक ऑइलचं बोट फिरवलं, ग्रीस नाही. ग्रीस जळून पुन्हा कार्बनच होतं. जाता जाता: सील किट बाहेरचं मागवलं होतं, त्यातला एक ओ-रिंग मूळच्यापेक्षा स्पष्ट बारीक निघाला. पुरवठादाराचं उत्तर ‘सगळ्यांना हाच बसतो’. पॉवर व्हॉल्व्हचे सील कंपनीचेच घ्या, इथे काटकसर नको.

आता लिंकेज सुटं असताना शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली येतो. गरम असतानासुद्धा. पुन्हा तीच रेघ, तोच मोबाइल: ५,५००ला रेघ हलली आणि ७,६००पर्यंत सरळ, न अडखळता सरकत गेली. उतरताना ५,३००ला परत निघाली. हा व्हिडिओ मी किती वेळा पाहिलाय ते विचारू नका.

ट्रॅकवर फरक असा, की त्याच वळणातून तिसऱ्या गिअरमध्ये क्लचला हात न लावता बाहेर पडता येतं. वरची ताकद एक तसूभरही कमी केलेली नाही, तरी गाडी निम्मी आक्रमक वाटते.

याचा एक त्रासदायक परिणाम असा, की स्प्रिंगांवरचे आपले सगळे निष्कर्ष आता बाद. हिरवी नि पिवळी स्प्रिंग सारखीच वाटते असं जे मत झालं होतं ते अडकलेल्या व्हॉल्व्हवरचं. प्रीलोड स्क्रूचा (स्प्रिंगचा ताण बदलणाऱ्या) पाव फेरा आता बसल्या बसल्या कळतो. ‘गाडी मवाळ करायची तर स्क्रू आत घ्या, व्हॉल्व्ह उशिरा उघडू द्या’ हा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. उशिरा उघडला की तळाची ताकद संपून गेल्यावर उघडतो, मग पुन्हा पायरी. लवकर सुरुवात आणि सावकाश प्रवास हवा. सध्या हिरवी स्प्रिंग आणि स्क्रू अर्धा फेरा बाहेर. अगदी तळाशी किंचित मऊ झालीय, पण मधला जोड कुठे आहे ते शोधावं लागतं.

जी२ कंपनीची कॅमवाली थ्रॉटल ट्यूबही हाताशी आहे. चीज उत्तम, पण ती मनगट आणि कार्ब्युरेटरच्या स्लाइडच्या मधली सोय आहे. इंजिनचं दुखणं तिच्याखाली झाकलं जातं, म्हणून मी ती शेवटी लावतो.

कार्बन पुन्हा साठणारच, म्हणून तेल कमी करा असं कुणी सांगेल. प्रीमिक्स (पेट्रोल आणि तेलाचं प्रमाण) ४०:१ राहणार. तेल कमी केलं की त्याच जेटमधून पेट्रोल जास्त जातं, म्हणजे गाडी उलट रिच होते. स्पूजचा उगम न जळलेल्या मिश्रणात आहे आणि ते काम पायलटने केलंय. २०२३पासूनच्या केटीएम एसएक्सवर व्हॉल्व्ह इलेक्ट्रॉनिक झालाय, तिथे गोळ्यांच्या जोराची वाट बघावी लागत नाही. हेवा वाटतो. पण रेघ ओढून बघायची मजा त्यांना नाही.

पुढचं ठरलं होतं ते हेड कापून कॉम्प्रेशन उतरवायचं. ते रद्द. सोल्डर तार घालून स्क्विश (पिस्टन अगदी वर असताना त्याच्या नि हेडच्या मधली फट) मोजला, १.४ मिमी आला. उलट ०.२ मिमी पातळ बेस गॅस्केट घालावा असा विचार आहे: स्क्विश १.२ होईल, सगळे पोर्ट तेवढेच खाली येतील, तळ आणखी भरेल.

पण हे लिहिताना वेगळंच डोक्यात आलं. फ्लायव्हील वेट लावलं ते गाडी बंद पडायची म्हणून. ती बंद पडत होती कशाने? वळणात व्हॉल्व्ह उघडा अडकायचा म्हणूनच असेल, तर त्या वेटची आता गरजच काय? वेटमुळे उड्यांवर नाक जरा जड वाटतं, ही माझी तक्रार जुनीच आहे. तेव्हा गॅस्केट थांबेल. आधी वेट काढून, बाकी काहीही न हलवता, त्याच वळणात. मग बेस.

वेट काढल्यावर हिरवी स्प्रिंग कुणी चालवलीय का? आरपीएम पटकन चढले की सावकाश उघडणारा व्हॉल्व्ह मागे पडतो का, एवढंच मला जाणून घ्यायचंय. आणि ज्यांची गाडी फक्त गरम असताना चावते, त्यांनी स्प्रिंग मागवायच्या आधी शाफ्टवर रेघ ओढून बघा. काय दिसलं ते सांगा.